पाऊस येतो कोठून?

पर्जन्याचें मूळ समुद्रांत आहे, हें घरांतील चौथींतला मुलगाही सांगेल. सूर्य सागराचें जल शोषून घेतो, वारा तें वाफेच्या रूपानें भूमीवर आणतो आणि तेंच पाऊस होऊन पडतें. संस्कृत कवींनीं न्यायी राजाच्या करग्रहणास याच व्यवहाराची उपमा दिली आहे. हें सर्व खरें आहे. परंतु अपुरें आहे. तें अपुरें कसें, हें आज दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या उदाहरणावरून पाहूं.

या नदीचें खोरें ६० लक्ष चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे भारताच्या जवळजवळ दुप्पट, विस्ताराचें आहे. जगांतील सर्व नद्या मिळून समुद्रास जें गोडें पाणी देतात, त्याचा सुमारें पंचमांश ही एकटी देते. खोऱ्याच्या पूर्वेस अटलांटिक महासागर व पश्चिमेस अँडीज पर्वत. वारे बहुतेक पूर्वेकडून वाहतात. तेव्हां वाफ प्रथम येते ती महासागरावरूनच. परंतु येथें एक शंका उत्पन्न होते. समुद्रकांठापासून अँडीजच्या पायथ्यापर्यंतचें अंतर दोन-तीन हजार किलोमीटर आहे. इतक्या वाटेवर सर्वत्र पाऊस पडत असतां मेघांचें भांडवल मध्येंच संपावयास हवें. तें संपत नाहीं. अगदीं पायथ्याशींही भरपूर पाऊस होतो. मग हें भांडवल वाटेंत पुन्हा भरतो कोण?

तें भरतें अरण्य. वृक्ष मुळांनीं भूमींतील पाणी ओढून घेतात आणि पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून तें वाफेच्या रूपानें हवेंत सोडतात. या खोऱ्यांतील पावसाचें सुमारें निम्में पाणी नदीवाटे समुद्रास मिळतें. उरलेलें निम्में मुख्यतः झाडांच्या मार्फत आकाशांत परत जातें. तें वाऱ्याबरोबर पुढें सरकतें, पुन्हा पडतें आणि पुन्हा वर जातें. बाजारांत एकच रुपया चार हातांतून फिरून चार घरांची चूल पेटवितो, तसाच हा प्रकार होय.

ही केवळ कल्पना नव्हे. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनियास सलाती व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालीं तिचा पुरावा मांडला. पाण्यांतील प्राणवायूचे बहुतेक अणू हलके, तर थोडे किंचित् जड असतात. जड अणूंचें पाणी मेघांतून आधीं गळतें. म्हणून वाटेंत नवी वाफ न मिळाल्यास, मेघ जसजसा समुद्रापासून दूर जाईल तसतसें त्याचें पाणी अधिकाधिक हलकें झालें पाहिजे. झाड मात्र जसें पाणी शोषतें तसेंच, निवड न करतां, परत देतें. ॲमेझॉनच्या अंतर्भागांतील पावसाचें पाणी अपेक्षेच्या मानानें फारच थोडें हलकें झालेलें आढळलें. अर्थात् वाटेंत अरण्यानें भर घातली होती. पुढें निरनिराळ्या रीतींनीं गणितें झालीं. त्यांवरून अशा परतलेल्या पाण्याचा खोऱ्याच्या एकंदर पावसांतील वांटा चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत येतो. २०१७ सालीं उपग्रहांच्या साह्यानें असेंही दिसून आलें कीं, खोऱ्याच्या दक्षिण भागांत पावसाळा सुरू होण्यास लागणारी वाफ समुद्राकडील ओलावा येऊन पोहोंचण्यापूर्वीं अरण्यच पुरवितें.

या वाफेच्या प्रवाहांस ब्राझीलमध्यें ‘उडत्या नद्या’ असें नांव पडलें आहे. अँडीजची भिंत आडवी येतांच त्यांतील कांहीं प्रवाह दक्षिणेकडे वळतात आणि बोलिव्हिया, पॅराग्वे, दक्षिण ब्राझील व उत्तर अर्जेंटिना येथील शेतांस पाऊस पुरविण्यास साह्य करतात. ज्या शेतकऱ्यानें ॲमेझॉनचें अरण्य जन्मांत पाहिलें नाहीं, त्याचेंही पीक अंशतः त्या अरण्यावर अवलंबून असतें.

येथेंच प्रश्न गंभीर होतो. गुरांच्या कुरणांसाठीं व सोयाबीनसाठीं या अरण्याचा बराच भाग तोडला गेला आहे. मोठ्या वृक्षांचीं मुळें खोल जातात व उन्हाळ्यांतही पाणी वर आणतात. गवताचीं उथळ मुळें तें करूं शकत नाहींत. थॉमस लव्हजॉय व कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं इशारा दिला कीं, तोड २० ते २५ टक्क्यांवर गेल्यास मोठ्या प्रदेशांत अरण्य स्वतःस तगवूं शकणार नाहीं. त्या वेळीं सुमारें १७ टक्के तोड झालेलीच होती. २०२३ व २०२४ सालीं मानाउस शहरीं रिओ नेग्रो ही उपनदी १९०२ पासूनच्या नोंदींतील नीचांकास पोहोंचली. त्या अवर्षणास समुद्रांचें तापणें हें मोठें कारण होतें, सारा दोष कुऱ्हाडीवर लोटणें न्यायाचें नव्हे. परंतु अशा वर्षीं जो आधार हवा, तोच आपण तोडीत आहों, हें विसरून कसें चालेल?

भूमीचा मालक म्हणतो, झाड माझें आहे. तें खरेंच, पण त्या झाडानें वर पाठविलेला पाऊस एकट्या त्याचा नाहीं. पुढें घरांतील मुलें समुद्रावरून भूमीकडे येणाऱ्या मेघांचा बाण वहींत काढतील, तेव्हां अरण्यांतून आकाशाकडे जाणारा दुसरा बाणही वडील मंडळींनीं त्यांजकडून काढवून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.