कोयता निघाल्यावर

दिवाळी सरली की साक्री आणि चाळीसगाव तालुक्यांतील अनेक पाडे-तांडे निम्मे रिकामे होतात, कारण मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’, म्हणजे हंगामाआधीच खर्चून गेलेली आगाऊ मजुरी, फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, जिला ऊसतोडीच्या हिशेबात एकच ‘कोयता’ धरतात, बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात निघते. या शतकाच्या आरंभी औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा, म्हणजे गाळप हंगामापुरत्या शाळा, चालवल्या. पुढे मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आली, आणि हा बदल योग्यच होता, कारण फडावर गेलेली थोरली मुलगी बहुधा पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळण्यातच अडकते. मात्र वसतिगृह जेवणापुरतेच चालले, तर रात्रीचे मूल आजीच्या पदरात पडते. आणि निधी ‘बालके’ या शीर्षाखाली येत असल्याने, गुडघ्यांनी बेजार झालेली, रेशनच्या यंत्रावर जिचा अंगठाही धड उमटत नाही अशी ही आजी कोणत्याच हिशेबात बसत नाही. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या खानदेशातील संस्थांनी आपल्या घटनेतील बालकल्याण आणि वृद्धसेवा ही कलमे एका घरापुरती तरी एकत्र वाचावीत. वसतिगृहाच्या यादीत मुलाच्या नावापुढे त्या आजीचे नाव, वय आणि आजार लिहून घ्यायला वेगळे अनुदान लागत नाही.