भाजीचे दान आणि हक्काचे ताट

गांधीबाग म्हणजे नागपुरातील कापडाची ठोक बाजारपेठ. गाठी उचलणारे हमाल, दुकानात राबणारे नोकर आणि पहाटे रस्ते झाडणाऱ्या भगिनी यांच्या घामावर ती उभी आहे. त्यांच्यापैकीच एक बाई मागे माझ्याकडे रेशनकार्डाच्या कामासाठी आली होती. काम झाले, धान्य सुरू झाले. जाताना ती म्हणाली, "वकीलसाहेब, पोरीले रगत कमी हाय म्हणते डॉक्टर. हिरवी भाजी चारा म्हणते. भाजी कोणत्या कार्डावर भेटते?"

भाजी कोणत्याच कार्डावर मिळत नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देतो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा हक्क लढून मिळालेला आहे, त्याला कमी लेखू नये. पण धान्याने पोट भरते, रक्त वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या हव्यात असे सांगते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के मुले आणि ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. तिथे १९६७ मध्ये फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत डबाबंद माल भरपूर असे, ताजी भाजी मात्र कमी. १९९५ मध्ये अलास्कातील अँकरेज येथील बागकामाचे स्तंभलेखक जेफ लोवेनफेल्स यांनी वाचकांना आवाहन केले, की आपल्या बागेत भाजीची एक ओळ भुकेल्यांसाठी जास्तीची लावा. ही साधी गोष्ट देशभर पसरली. आपल्याकडेही स्लॅबवर कुंड्या आहेत, परसात मुनग्याचे झाड आहे. एका घराला किती शेंगा लागतात? उरलेल्या का वाळाव्यात?

तरीही आंबेडकरी माणसाने इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. या देशात अन्न देणारा हात नेहमी वर राहिला आणि घेणारा खाली. गावाची कामे करणाऱ्या महाराला मजुरीऐवजी दारोदार फिरून भाकरी मागावी लागे, आणि त्यालाच हक्क म्हणत. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडा असे बजावले. १९२८ मध्ये वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. भाकरीपेक्षा माणुसकी मोठी, हा त्यामागचा विचार होता. आज अन्नवाटपाच्या रांगेत माणूस उभा करून त्याच्या हातात पुडा देताना फोटो काढतात, तेव्हा जुनीच रीत नव्या कपड्यांत आलेली दिसते.

मग द्यायचेच नाही का? तसे नव्हे. दानाची दुसरी रीत नागपूरने पाहिली आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि वस्त्यावस्त्यांतील लोक भोजनदान करतात. कुणी जात विचारत नाही, कार्ड मागत नाही. वाढणारा आणि जेवणारा एकाच वाटेवरचे असतात. हीच रीत वर्षभर का चालू नये? पालेभाजी टिकत नाही, तिला लांबची पेढी उपयोगाची नाही. तिला वस्तीतलेच ठिकाण हवे. रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडावे. ज्याच्या कुंडीत पालक, सांभार, मुनगा असेल त्याने आणून ठेवावा. ज्याला हवे त्याने न विचारता न्यावे. फोटो नाही, नावाची पाटी नाही. आज नेणारा उद्या आणणारा होईल, म्हणून विहारात रोपे आणि बियाणेही वाटावे.

पण एवढ्यावर समाधान मानले तर आपण फसलो. कुंडीतली भाजी शासनाची जबाबदारी संपवत नाही. संविधानाचे कलम ४७ जनतेचे पोषण सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. त्या जेवणात प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. ती ताटात पडते का, हे आपल्यापैकी कितीजणांनी शाळेत जाऊन पाहिले? माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज फार खर्चाचा नाही. अंगणवाडी आणि रेशन दुकानाचेही तसेच.

त्या बाईला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज सांगेन, ताई, रविवारी विहारात या, भाजी घेऊन जा. आणि सोमवारी माझ्यासोबत मुलीच्या शाळेत चला. भाजी शेजाऱ्याकडून घेऊ, हिशेब सरकारकडून मागू.