इशारा ३० जानेवारीलाच दिला होता

प्रति,
डॉ. टेड्रोस अधानोम घेब्रेयेसस,
महासंचालक, जागतिक आरोग्य संघटना, जिनिव्हा



३० जानेवारी २०२० रोजी आपण करोनाबाबत आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केलीत. चीनबाहेर तेव्हा १८ देशांत मिळून ९८ रुग्ण होते. भारतातला पहिला रुग्ण केरळात सापडला, तोही त्याच दिवशी. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार याहून मोठा इशारा आपल्या हाती नव्हता. तरी बहुतेक सरकारं ढिम्म राहिली. ११ मार्चला आपण ‘पॅन्डेमिक’ म्हणालात आणि मग धावपळ उडाली. नियमांत त्या शब्दाला तेव्हा काही स्थान नव्हतं! तोवर ११४ देशांत १ लाख १८ हजार रुग्ण झाले होते. आमच्या पुण्यातले पहिले रुग्ण त्याच्या दोनच दिवस आधीचे.

रोग किती जीव घेतो यावरून आपण घाबरतो, पण साथ जगभर जाते ती वेगळ्याच कारणाने. निपाहमुळे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावू शकतात, तरी २०१८ साली कोळिकोडमध्ये तो आवरला, कारण लागण मुख्यतः रुग्णाच्या अगदी जवळ असलेल्यांनाच होत होती. २००३चा सार्स विमानाने टोरांटोपर्यंत पोचला खरा. पण त्याचा रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवायचा तो आजार बळावल्यावर. आजाऱ्याला वेगळं ठेवलं की साखळी तुटायची, आणि जुलैपर्यंत ती तुटलीही. करोनाचा रुग्ण मात्र अंगात कणकण येण्याआधीच लागण करत, धडधाकट माणसासारखा लोकलमध्ये आणि लग्नांत वावरत होता. त्यातून विषाणू नवा, कुणाच्याच शरीराला त्याची ओळख नाही. म्हणजे ९८ हा सापडलेल्यांचा आकडा होता, असलेल्यांचा नव्हे.

मोठा इशारा देण्यातली जोखीमही मला कळते: २००९ मध्ये स्वाइन फ्लूला जागतिक साथ म्हटलं, तर बागुलबुवा उभा केल्याचा आरोप संघटनेवर झाला. (तेव्हा इथल्या नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगेत उभं राहिलेल्या पुणेकरांचं मत वेगळं असेल.)

सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक देशांना लागू झालेल्या सुधारित नियमांत आणीबाणीच्या वर ‘महासाथ आणीबाणी’ ही आणखी एक पायरी आली आहे. नुसता मोठा धोका दिसला तरी ती जाहीर करता येते, हे चांगलंच. पण खालच्या पायरीकडे काणाडोळा करायला मंत्रालयांना आता अधिकृत सबब मिळाली, अशी मला धास्ती वाटते.

म्हणून विनंती एवढीच: पुढची आणीबाणी जाहीर कराल तेव्हा लक्षणांआधी लागण होते का, हे पहिल्या वाक्यात सांगा, कळलं नसेल तर तसं सांगा. आणि त्यानंतर कोणत्या देशाने काय केलं, ते दर आठवड्याला नावानिशी छापा. जी संघटनेला वर्गणी देतात तीच सरकारं नाराज होतील, याची कल्पना आहे.

आपला,
पुण्यातील एक नागरिक