चावी कुणाच्या खिशात?

आरएमसी प्लांटमध्ये सिमेंटचे वजन २ टक्क्यांच्या आत अचूक लागते. खडी, वाळू, पाणी ३ टक्क्यांच्या आत. आयएस ४५६ हे मानक तसे सांगते. त्यासाठी लोड सेल तपासले जातात, नोंदी ठेवल्या जातात, साइटचा इंजिनीअर त्या मागून घेतो. चांगलीच गोष्ट आहे. पण शिफ्ट संपल्यावर मिक्सरच्या पोटात छिन्नी-हातोडा घेऊन कोण उतरले, कधी उतरले, बाहेर आले की नाही, याची नोंद कोणत्या रजिस्टरात असते? जी व्यवस्था सिमेंटचा किलो-किलोचा हिशेब ठेवते, तिला माणसाचा हिशेब ठेवणे जड का जाते?

"हा तांत्रिक विषय आहे, यात आंबेडकरवाद कुठे आला?" असे आपलेच काही साथी विचारतील. त्यांनी मुंबईच्या गिरण्या आठवाव्यात. विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागे आणि त्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्राला जात नव्हती. यंत्राजवळ कोणी कुठे उभे राहायचे, हे मात्र जात ठरवत होती.

आज प्लांटवर जाऊन पाहा. वर एसी केबिन, त्यात संगणकासमोर ऑपरेटर. खाली खड्डा, धूळ, गाळ आणि ठेकेदाराचा हेल्पर. हेल्परला नेमणूकपत्र नाही, प्रशिक्षण नाही. कामगार वस्त्यांत काम करताना मला या खालच्या जागांवर भेटतात ती आपली, आदिवासी आणि भटक्या समाजाची पोरे, मराठवाड्यातून किंवा परराज्यातून आलेली. पाटी कुठे लावलेली नसते, पण गटार साफ करायला ज्यांना हाक मारतात, त्यांच्याच भावंडांना मिक्सर साफ करायला हाक मारतात.

आता धोका नीट समजून घेऊ, कारण नुसत्या संतापाने माणूस वाचत नाही.

मिक्सरच्या आत फिरणाऱ्या दांड्यांवर पाती असतात. वेळच्या वेळी धुतले नाही, तर काँक्रीट त्यांवर दगडासारखे चढते. मग ते फोडायला माणूस आत उतरवावा लागतो. केबिनमधल्या ऑपरेटरला तो दिसतोच असे नाही. शिफ्ट बदलते, नवा ऑपरेटर येतो, गाडी भरायची घाई असते आणि बटण दाबले जाते. झाकण उघडे असताना यंत्र चालू होऊ नये म्हणून स्विच असतो. पण "सारखा ट्रिप होतो" म्हणून त्याला वायर टाकून बायपास केलेले असते. याला अपघात म्हणू नका. हा आधीच ठरवून ठेवलेला मृत्यू आहे.

उपाय साधा आहे. मुख्य आयसोलेटर बंद करायचा आणि आत जाणाऱ्याने त्याला स्वतःचे कुलूप लावायचे. दोघे उतरणार असतील तर दोन कुलपे. चावी उतरणाऱ्याच्याच खिशात. सुपरवायझरच्या नाही, केबिनमध्ये तर नाहीच. मग स्टार्टचे बटण दाबून यंत्र खरेच मेले आहे ना, हे पाहायचे. गेट हवेच्या दाबावर चालते, म्हणून तो दाबही सोडायचा. आणि एक माणूस शेवटपर्यंत बाहेर उभा.

बाकीचे धोकेही असेच आहेत. सायलोच्या माथ्यावरचा फिल्टर तुंबला आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह सिमेंटने जाम झाला, तर बल्कर खाली होताना सायलो फाटू शकतो. कन्व्हेयरच्या पुलीला जाळी नसेल, तर बाहीबरोबर हात ओढला जातो. वर उचललेल्या स्किपला पिन न लावता खालच्या खड्ड्यात उतरणे म्हणजे मरण डोक्यावर घेणे. ओले सिमेंट कातडी जाळते. आणि बारीक सिलिका धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही.

यावर मालकाचे उत्तर ठरलेले असते: "कुलपे लावत बसलो तर स्लॅब थांबेल." हे खोटे आहे. रोज धुतलेल्या मिक्सरची पाती आणि लायनर जास्त टिकतात, मोटरवर ताण येत नाही, माल एकसारखा मिसळतो. साफ फिल्टर म्हणजे वाया न जाणारे सिमेंट. प्लांट बंद पडतो तो देखभाल टाळल्यामुळे. आणि टाळलेली देखभाल शेवटी हेल्परच्या अंगावर येते. मालकाची बचत ती हीच.

दुसरे उत्तर: "कामगारच निष्काळजी असतात." ज्याला कधी कुलूप दिले नाही, त्याने ते लावले नाही म्हणून दोषी कसे ठरवता? धोकादायक यंत्राला कुंपण हवे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २१ सांगत होते. त्या कायद्यात वीज वापरणाऱ्या कारखान्याला १० कामगारांची अट होती; २०२० च्या संहितेने ती २० केली. कमी माणसांवर चालणारा प्लांट कुठे सुटेल, हे सांगायला पंडित लागत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. आठ तासांच्या दिवसासाठी आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. मग त्या आठ तासांत यंत्राच्या पोटात काय घडते, हे विचारणे कोणाचे काम आहे? जयंती मंडळात उत्साहाने राबणारी अनेक पोरे अशाच प्लांटवर कामाला असतात. त्यांना तीन गोष्टी शिकवा: कुलपाशिवाय आत उतरायचे नाही, एकट्याने नकार द्यायचा नाही तर सगळ्यांनी मिळून द्यायचा, आणि झालेला प्रत्येक अपघात लेखी कळवायचा. आयटीआय झालेल्यांनी केबिनमधली जागा हक्काने मागावी. पण तिथे पोचल्यावर खालच्या माणसाला विसरू नये. नाहीतर केबिनमधला चेहरा बदलेल, खड्डा तसाच राहील.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतींवर लिहितो. प्लांटवर त्याचा अर्थ एवढाच: यंत्र शिका, हेल्परांना संघटित करा आणि ती चावी ताब्यात घ्या.

जय भीम!