पूर्णा आजींच्या जागी

१६ ऑगस्ट २०२५ रोजी ज्येष्ठ अभिनेत्री ज्योती चांदेकर यांचे पुण्यात निधन झाले. 'मी सिंधुताई सपकाळ' या २०१०च्या चित्रपटातील उतारवयातल्या सिंधुताई आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. मात्र नांदेड-लातूरकडच्या घराघरांत गेली काही वर्षे त्यांची ओळख एकच होती, ती म्हणजे स्टार प्रवाह वाहिनीवरील 'ठरलं तर मग'मधील पूर्णा आजी. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही मालिका थांबली नाही. काही आठवड्यांनी त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. नाव तेच, घर तेच, नातवंडे तीच. चेहरा आणि आवाज मात्र नवा.

या बदलाविषयी माझ्या दवाखान्यात जितकी चर्चा झाली, तितकी एखाद्या नव्या औषधाविषयीही होत नाही. रक्तदाब मोजण्यासाठी हात पुढे करतानाच एक मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, आमची आजी गेली की हो." मी क्षणभर त्यांच्या घरात कोणी वारले असे समजलो. दुसऱ्या एका आजोबांचे मत अगदी ठाम होते : "गेलेल्या माणसाच्या जागेवर दुसरं बसवायचं नसतं. गोष्टीतून काढून टाकायचं." त्यांच्या सूनबाईंना ते मुळीच पटले नाही. घरातली आजीच काढून टाकली, तर त्या गोष्टीत उरते काय, असा त्यांचा प्रश्न.

आरोग्याच्या स्तंभात मालिकेचे काय काम, असे आपल्याला वाटेल. काम आहे, आणि ते रात्रीच्या जेवणाशी व औषधांशी निगडित आहे.

घड्याळ पाहून औषध घेणारे ज्येष्ठ मला फार थोडे भेटतात. बहुतेकांची औषधे कशाला तरी बांधलेली असतात. सकाळची गोळी पूजेला, दुपारची वामकुक्षीला आणि रात्रीची मालिकेला. आठ-साडेआठचा सुमार झाला, शीर्षकगीत लागले, की ताट समोर येते आणि डबीतली गोळी पोटात जाते. ही सवय चांगलीच आहे. मी स्वतः ती लावून देतो. पण खुंटी निखळली की तिला अडकवलेले सगळे खाली येते. लातूरच्या एका कुटुंबातील मधुमेही काकूंनी 'आता बघवत नाही' म्हणून मालिका सोडली. आठ वाजताच दिवा मालवून त्या अंथरुणावर पडू लागल्या. जेवणाआधीची साखरेची गोळी त्या इमानाने घेत होत्या, जेवण मात्र दोन घासांवर आले होते. एका पहाटे त्या घामाने डबडबलेल्या, असंबद्ध बोलताना मुलाला आढळल्या. साखर पार उतरली होती. मुलाने प्रसंगावधान राखून, त्यांना गिळता येते आहे याची खात्री करून, साखरेचे पाणी पाजले आणि तसेच रुग्णालयात नेले. त्या बऱ्या झाल्या. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या वर्गातल्या, आणि इन्सुलिन जेवणाची वाट पाहत नाहीत. पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवण्याचे आपले काम त्या करतात. म्हणून घरातील ज्येष्ठांची संध्याकाळ कोणत्याही कारणाने बदलली, तर आधी जेवण किती जाते ते पाहावे आणि गोळीच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांना लगेच विचारावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि रिकाम्या पोटी रेटूही नये.

पडद्यावरच्या बाईसाठी जेवण तुटावे, याचे तरुण मंडळींना हसू येते. हसू नये. रोज ठरल्या वेळी घरात येणाऱ्या, आपल्याकडे पाहून बोलल्यासारखे बोलणाऱ्या चेहऱ्याशी माणसाचे एकतर्फी पण खरे नाते जुळते, हे हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच मांडून ठेवले आहे. तेव्हा तर दूरचित्रवाणीचे बालपण होते. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला, शेजारचे वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत ओळखीचे कोणी नाही, अशा स्थितीत आठवड्यातून सहा संध्याकाळी न चुकता येणारे माणूस कोण, याचा हिशेब करून पाहा. शिवाय पूर्णा आजी वयाने आपल्याच बरोबरीच्या. त्यांच्या जाण्याने 'आता आपली पाळी' ही कधी न बोललेली भीतीही जागी होते. आजोबांचा राग मला त्या भीतीचाच वाटला.

जागा रिकामी ठेवायची की भरायची, हा प्रश्न कलावंतांना नवा नाही आणि त्याचे उत्तर प्रत्येकाने वेगळे दिले आहे. 'अग्गंबाई सासूबाई'मधील आजोबा रवी पटवर्धन डिसेंबर २०२० मध्ये गेले. पुढच्या पर्वात ती भूमिका मोहन जोशी यांनी केली. 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मध्ये डॉक्टर हाथी आणि नट्टू काका या दोन्ही भूमिका त्या साकारणाऱ्या नटांच्या निधनानंतर दुसऱ्यांनी पुढे चालवल्या. उलट अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार हूपर साकारणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले, तेव्हा निर्मात्यांनी दुसरा नट आणलाच नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एका भागात मोठी माणसे बिग बर्ड या भल्यामोठ्या पिवळ्या पक्ष्याला समजावून सांगतात, की हूपर मेले आहेत आणि ते परत येणार नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलांना हे सांगावे की नाही, यावर तिथे पुष्कळ खल झाला होता.

आपल्या मराठवाड्याचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' म्हणजे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे, हे समीकरण इतके पक्के होते, की एकट्याने पन्नासहून अधिक पात्रे उभी करणारा तो प्रयोग त्यांच्याबरोबरच संपेल असे अनेकांनी धरले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ते गेले. पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग हाती घेतला. आमच्या पिढीतले काही जण 'सर नाहीत तर कशाला' म्हणत सभागृहात शिरले आणि हसून हसून डोळे पुसत बाहेर आले. सरांना कोणी विसरले म्हणून नव्हे. सरांनी जन्माला घातलेली ती माणसे पुन्हा भेटली म्हणून.

आता काळजीवाहकांसाठी थोडे. घरातील ज्येष्ठांना अशी बातमी सांगावी का, असे मला विचारले जाते. स्मृती शाबूत असेल तर सरळ सांगावी. 'त्या बाई वारल्या, आता ही भूमिका दुसऱ्या करतात' एवढे वाक्य पुरे. लपवाछपवी केली तर ज्येष्ठांना वाटते, घरातल्या खऱ्या बातम्याही अशाच दडवतात. आणि बऱ्याचदा ते खरेही असते. रोहिणी हट्टंगडी यांचे नाव घेतले की पुष्कळांना धीर येतो, हेही मी पाहिले आहे. 'गांधी'तल्या कस्तुरबा, 'चार दिवस सासूचे'मधल्या आशा देशमुख, 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या आजी. त्या काही परक्या नव्हेत.

स्मृतिभ्रंश असेल तर मार्ग वेगळा. अशा व्यक्तीला निधनाची बातमी पुनःपुन्हा सांगू नये. ती प्रत्येक वेळी नव्यानेच ऐकली जाते आणि दुःखही तितक्याच वेळा नव्याने होते. 'ही आमची आजी नव्हे, कोणीतरी तिचं सोंग घेतलंय' असे त्या म्हणाल्या तर वाद घालू नका, आवाज चढवू नका. 'तुम्हाला त्या आवडायच्या ना?' असे विचारून बोलणे त्यांच्या आठवणीकडे वळवावे. फार अस्वस्थता असेल तर वाहिनी बदलावी, एखादे ओळखीचे भजन लावावे. दिवेलागणीनंतर या रुग्णांची अस्वस्थता तशीही वाढते. खोलीत उजेड भरपूर ठेवावा. मात्र ते 'सोंग घेतलंय' असे घरच्याच माणसाविषयी, मुलाविषयी किंवा सुनेविषयी म्हणू लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. हे आजाराचे ओळखीचे लक्षण आहे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यावर उपाय असतात. असा गोंधळ दोन-चार दिवसांतच अचानक उद्भवला असेल तर लघवीचा संसर्ग, सोडियमची घट, एखादे नवे औषध यांचा शोध आधी घ्यावा.

आणखी एक निरीक्षण. ऐकू कमी येणारे ज्येष्ठ पात्राला चेहऱ्याने ओळखतात, मोतीबिंदू असलेले आवाजाने. म्हणून नव्या आजी कोणाला पहिल्याच दिवशी खटकल्या, कोणाला आठवड्याने. पण रोज मालिका पाहणाऱ्या व्यक्तीला चेहरा आणि आवाज दोन्ही बदलल्याचे महिनाभर कळलेच नाही, तर डोळे, कान आणि स्मरणशक्ती यांची तपासणी करून घ्यायला ते पुरेसे निमित्त आहे. घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळदा चष्म्याचा नंबरच बदललेला निघतो.

हळहळ किती दिवस चालावी, याला मोजपट्टी नाही. पण झोप, भूक, अंघोळ, शेजारणीशी बोलणे हे सारे दोन आठवड्यांहून अधिक काळ मंदावलेले असेल, 'आता जगून काय करायचं' असे शब्द येत असतील, तर कारण मालिकेचे आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. बहुधा त्यामागे दुसरे, जुने दुःख असते. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि छातीत दुखले तर 'मनाला लागलं असेल' असे म्हणून लिंबू-सरबत देत बसू नये. तीव्र भावनिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार आहे, ताकोत्सुबो नावाचा. तो जपानमध्ये प्रथम ओळखला गेला आणि बहुतांशी पाळी गेलेल्या स्त्रियांत आढळतो. त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात; ईसीजी आणि पुढील तपासण्या केल्याखेरीज फरक कळत नाही.

त्या दुसऱ्या, जुन्या दुःखाविषयी बोलायचेच तर, प्रत्येक घरात कधी ना कधी ही पात्रबदलाची वेळ येते. पती किंवा पत्नी जाते आणि तिच्याबरोबर कितीतरी लहान कामे निराधार होतात. आजोबांच्या डब्यात गोळ्या कोण भरत होते? पाय रोज कोण पाहत होते, की बोटांच्या बेचक्यात जखम नाही ना? तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते, त्यामुळे काही चुकत नाही. चुकते ते त्यानंतर. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याचा मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. शोक हे त्याचे एक कारण असेल. पण बंद पडलेली गोळी हेही असते, असे माझे तीन दशकांच्या प्रॅक्टिसनंतरचे मत आहे.

म्हणून पाहुणे पांगण्याआधीच ही कामे कागदावर उतरवून एकेकाच्या नावावर लावा. इन्सुलिन धाकट्या सुनेकडे, गोळ्यांचा डबा नातवाकडे, आणि पुण्याच्या मुलाने रात्री आठला दूरध्वनी करून फक्त 'जेवलात का' एवढेच नव्हे, तर 'काय जेवलात' हे विचारायचे. जो नवा माणूस येईल, सून असो, मुलगा असो वा पगारी सेविका, त्याला पहिल्या व्यक्तीची नक्कल करायला लावू नका. 'ती असा चहा करत नव्हती' हे वाक्य आजोबांनी म्हणणे स्वाभाविक आहे. इतरांनी त्याला दुजोरा देणे टाळावे. सेविका बदलणार असेल तर जुनीने आणि नवीने निदान दोन दिवस एकत्र काम करावे. अंघोळीचे पाणी किती ऊन, कोणता हात धरून उठवायचे, कोणत्या गोळीने मळमळते, हे तिने शेजारी उभे राहून दाखवावे. या दोन दिवसांचा जादा पगार अवश्य द्या.