टाकीचे घाव

सायलेन्सर ओरडतो म्हणून रस्त्यावर चिरडला जातो. पेट्रोलची टाकी मुकी, म्हणून ती कोणाच्या नजरेस पडत नाही. हौशी कारप्रेमींना सरसकट ‘नाही’ म्हणणाऱ्या कायद्याने धोका कमी होत नाही, तो शटरआड जातो इतकेच.

आपल्या शहरांतील वाहतूक पोलिसांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. फटाके फोडणाऱ्या दुचाकींचे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, छायाचित्रकारांना निरोप धाडायचे आणि त्या ओळीवरून रोडरोलर फिरवायचा. दुसऱ्या दिवशीच्या अंकात चपटे झालेले ते पत्रे पाहून झोपमोड झालेल्या नागरिकांना समाधान मिळते. ते रास्तच आहे. पण त्याच शहरात, एखाद्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये रविवारी सकाळी कोणी आपल्या दोन आसनी स्पोर्ट्स कारची ४५ लिटरची टाकी उतरवून तिथे ७५ लिटरची बसवत असेल, तर त्याचा आवाज कोणालाही येत नाही. तक्रार करायला शेजारी नाही आणि पकडायला हवालदार नाही. कानाला खुपतो तो गुन्हा आणि डोळ्यांआड राहते ती हौस, असा हिशेब आपण मांडून ठेवला आहे. या दोन फेरफारांतला माणूस मारण्याची ताकद असलेला कोणता, हे सांगायला अभियंता लागत नाही.

अशी टाकी बसवण्यामागची हौस मुळीच वेडगळ नाही. स्पोर्ट्स कार हलकी आणि आखूड असावी लागते, म्हणून तिच्या पोटात जागा कमी. माझदाच्या जगभर गाजलेल्या एमएक्स-५ या उघड्या टपाच्या गाडीत पहिल्या पिढीपासून टाकी ४५ लिटरच्या आसपासच राहिली. रेटून चालवली की अशा गाड्या लिटरला नऊ-दहा किलोमीटरवर येतात. म्हणजे मुंबईहून निघून टाकी न भरता गोवा गाठणे विसराच. वर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळत नाही. त्यात आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज अशा इंधनावर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच दिला होता. मग मालकाच्या मनात साधा विचार येतो, टाकीच मोठी केली तर?

या विचाराला वंशावळही चांगली आहे. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी मोटारींची मॅरेथॉन झाली. युरोप आणि पश्चिम आशिया ओलांडून गाड्या मुंबईत पोचल्या आणि इथून ‘चुसान’ या जहाजावर चढून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला गेल्या. अफगाणिस्तानातील खडकाळ वाटा आणि ऑस्ट्रेलियातील ओसाड माळ तुडवायचे, तर पंपाच्या भरवशावर राहून चालत नाही. मोठी टाकी ही अशा शर्यतींची गरजच असते. पोलंडचा सोबिस्वाव झासादा त्या शर्यतीत ज्या पोर्शे ९११ मधून धावला, तिच्याच घराण्यातील १९७३ च्या कॅरेरा आरएसला कारखान्यानेच ८५ लिटरची टाकी दिली होती. आजही ९११ घेणाऱ्याने जादा पैसे मोजले तर मोठी टाकी कारखान्यातूनच बसून येते. तेव्हा मोठी टाकी हे पाप नव्हे. ती कोणी बनवली, कुठे बसवली आणि कोणी तपासली, एवढाच प्रश्न आहे.

घरच्या कामात मामला बिघडतो तो इथेच. टाकी म्हणजे पत्र्याचा डबा, हा समज त्याच्या मुळाशी आहे. आजच्या कारची टाकी बहुधा अनेक थरांच्या प्लास्टिकची असते. पेट्रोलची वाफ झिरपू नये म्हणून मधला एक थर वेगळ्या जातीचा असतो. आत पंप, पातळी मोजणारा फ्लोट, गाडी उलटली तर आपोआप बंद होणारी झडप, वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा आणि भरताना आतली हवा बाहेर काढणारी नळी, असा सगळा संसार असतो. वेगात वळण घेताना पेट्रोल एका कुशीला धावते. ते थोपवायला आत आडवे पडदे असतात. बाजारू टाकीत ते नसले, तर निम्मी टाकी भरलेली असतानाही पंप हवा ओढतो आणि ऐन वळणावर इंजिन गचके देते. फ्लोटचे माप जुन्या टाकीच्या खोलीनुसार बांधलेले. नव्या टाकीत तो लावला की काटा खोटे बोलू लागतो. शंभर किलोमीटर ‘फुल’वरून हलत नाही आणि मग एकदम कोसळतो.

वजनाचे गणितही आहेच. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचे. तीस लिटर वाढवले की बावीस किलो वाढले, शिवाय टाकी आणि तिच्या पट्ट्या. हजार किलोच्या गाडीला हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे ओझे मागच्या चाकांच्याही मागे लटकवले, तर वळणावर गाडीचे बूड बाहेर फेकले जाते. नेमक्या त्याच जागी मागून येणारी गाडी आदळते. डिकीत जागा रिकामी दिसते म्हणून टाकी तिथे ठेवली जाते. पण ती जागा गाडीच्या रचनाकाराने चुरगळण्यासाठी राखलेली असते, सामान ठेवण्याची सोय हा तिचा दुसरा उपयोग.

आणि काम करणाऱ्याचा जीव? औद्योगिक वसाहतीतला कोणताही जुना वेल्डर सांगेल, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते आणि हवाही नसते. रिकाम्या टाकीत दोन्ही असतात. हवेत दीड टक्क्याच्या आसपास पेट्रोलची वाफ मिसळली की ठिणगी पुरते, आणि पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या थंडीतही वाफ सोडत असते. म्हणून जाणता कारागीर टाकी पुन्हा पुन्हा धुतो, तोंडापर्यंत पाण्याने भरतो आणि डागायच्या जागेपुरतीच ती मोकळी ठेवतो. घाईतला मालक ‘कालच रिकामी केली, वास गेलाय’ म्हणतो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जाऊन विरत नाही, फरशीवरून सरपटत लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत किंवा पंपाच्या मोटारीपर्यंत पोचते. तळघरातला हा प्रयोग एका मालकाचा राहत नाही. वरचे सगळे मजले न विचारता त्यात भागीदार होतात.

मोटारींच्या जगाने हे धडे फुकट शिकलेले नाहीत. फोर्डच्या पिंटो या गाडीची टाकी मागच्या आसापाठी होती. मागून धडक बसली की ती फाटायची. खटले झाले, अब्रू गेली आणि १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्याआधी १९६४ मध्ये अमेरिकेतील शार्लट येथील शर्यतीत ‘फायरबॉल’ रॉबर्ट्स या नामवंत चालकाची गाडी उलटून पेटली आणि काही आठवड्यांनी तो गेला. त्यानंतर शर्यतीच्या गाड्यांत धातूच्या पेटीत रबरी पिशवी आणि पिशवीत स्पंजासारखा फेस अशी टाकी आली. पेटी चेपली तरी पिशवी फाटत नाही आणि फेसामुळे इंधन उसळत नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत अशा पिशवीला पाच वर्षांचे आयुष्य असते. तपासणीत उतरली तर आणखी दोन वर्षे, मग ती बाद. शर्यतीच्या मैदानावर टाकीला औषधाच्या बाटलीसारखी मुदत असते. आपल्याकडे घरी बसवलेल्या टाकीला जन्मतारीखही नसते. तिच्या जोडीला कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी रबरी नळी आली आणि आतून इथेनॉलचे पेट्रोल वाहू लागले, तर नळी कधी फुगेल आणि कधी चिरेल, हे नशिबावर सोडलेले. इथेनॉल पाणी ओढते. जुन्या पत्र्याला आतून गंज चढतो तो त्यानेच.

टाकी फुटणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला सांगायला नको. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. तिथे कोणी टाकी बदललेली नव्हती आणि आत होते ते डिझेल, पेट्रोलहून कितीतरी उशिरा पेट घेणारे. कारखान्यातून आलेल्या टाकीची ही कथा असेल, तर घरी जोडलेल्या टाकीबद्दल वेगळे काय बोलावे?

मग कायदा काय करतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेला आणि नोंदणीपत्रात नमूद असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हीच भूमिका ठाम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. ऐकायला कडक. पण नोंदणीपत्र उघडून पाहा. इंधनाचा प्रकार आहे, रंग आहे, आसने आहेत, सिलिंडर किती तेही आहे. टाकी किती लिटरची, हा रकानाच नाही. म्हणजे गाडी लाल रंगवली तर कागद खोटा पडतो आणि टाकी दीडपट केली तर खरा राहतो. शिक्षा आहे, पण ताडून पाहायला माप नाही. अशा कायद्याचा धाक सज्जनांनाच वाटतो.

याचा खरा तोटा वेगळाच आहे. ज्याला काम नीट करायचे आहे, त्याला परवानगी मागण्यासाठी खिडकीच नाही. जर्मनीत गाडीत असा बदल केला की ‘टीयूव्ही’सारख्या संस्थेच्या अभियंत्यापुढे ती उभी करावी लागते. तो वाकून पाहतो, पटले तर बदल गाडीच्या कागदांत चढतो, नाही पटले तर गाडी रस्त्यावर आणण्याचा हक्क जातो. ब्रिटनमध्ये घरी जुळवलेल्या गाडीची एकेक करून तपासणी होते. लोटस सेव्हन १९५७ पासून सुट्या भागांत विकली गेली आणि हजारो ब्रिटिशांनी ती आपापल्या अंगणात जोडली, ती परंपरा तिथे अशी जिवंत राहिली. या देशांनी हौस मारली नाही. तिला दार दिले आणि दारात तपासनीस बसवला.

हे आपल्याला जमणार नाही, असेही नाही. आपण ते सीएनजीबाबत केले आहे. त्याच कलम ५२ मध्ये इंधन बदलाच्या किटला वाट मोकळी ठेवली आहे. किटला मान्यता लागते, ते अधिकृत केंद्रातच बसवायचे, नोंदणीपत्रात इंधन बदलून घ्यायचे आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करायची. लाखो गाड्या या वाटेने गेल्या. मग दोनशे पट दाबाच्या वायूची टाकी डिकीत चालते आणि साध्या दाबाच्या पेट्रोलची टाकी मात्र चर्चेलाही घ्यायची नाही, यात तर्क कोणता? पुण्यात ‘एआरएआय’सारखी वाहनचाचणीची संस्था १९६६ पासून उभी आहे. विद्या आहे, यंत्रे आहेत. हवा आहे तो एक शासननिर्णय.

यावर आक्षेप दोन. पहिला, मूठभर श्रीमंतांच्या खेळण्यांसाठी सरकारने का शिणावे? पण खेळणे रस्त्यावर येते, आणि तिथे शेजारी रिक्षा असते. शिवाय फेरफार श्रीमंतच करतात असे नाही. घरगुती सिलिंडरमधला गॅस व्हॅनमध्ये भरताना उडालेले भडके आपण वर्षानुवर्षे वाचतो आहोत. तेही याच बंद दाराआडचे. दुसरा आक्षेप, तपासणी आली की चिरीमिरी आली. हे नाकारण्यात अर्थ नाही. सीएनजीच्या चाचणीचे कागदही कधी कधी टाकी न पाहताच तयार होतात. पण म्हणून दारच नको, हे उत्तर नव्हे. तपासणीची छायाचित्रे, टाकीवर खोदलेला क्रमांक आणि तपासनीसाचे नाव ऑनलाइन नोंदीत आले, तर खोट्या शिक्क्याला निदान मालक तरी सापडेल.

म्हणून परिवहन विभागाने फेरफारांची प्रतवारी करावी. रंग, दिवे, आसनांची कापडे एका बाजूला. आवाज आणि धूर दुसऱ्या बाजूला, तिथे रोडरोलर खुशाल फिरू द्या. आणि टाकी, ब्रेक, स्टिअरिंग ही तिसरी प्रत. घरी बनवलेल्या टाकीला तिथे थारा नको. मान्यताप्राप्त टाकी, ठरलेल्या जागी, नोंदणीकृत कारागिराने बसवलेली आणि विमा कंपनीला कळवलेली असेल तरच गाडी रस्त्यावर यावी. हौशी मालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इंजिनवर प्रयोग फसला तर गाडी बंद पडते, टाकीवर फसला तर दुसऱ्या प्रयोगाची संधी मिळत नाही. पाने-पकडी जरूर हाती घ्या, पण टाकी विकत आणा आणि ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासून घ्या.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. ती टाकी पाथरवटाच्या हातची आणि तिचे घाव मोजूनमापून दिलेले. मोटारीच्या टाकीलाही तेवढेच मोजमाप द्यायचे, तर सुरुवात फार मोठी नाही. नोंदणीपत्रात एक ओळ वाढवावी : इंधनटाकी, अमुक लिटर, तपासणी अमुक तारखेस.