विश्लेषण : राज्य यादवीत का घसरते? धोडपचा धडा

एप्रिल २०२३ मध्ये सुदानचे लष्कर आणि ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. दोन सेनापतींचे वैर, असे त्याचे वर्णन झाले. पण वैर कुठे नसते? त्याची यादवी केव्हा होते, याचे उत्तर नाशिक जिल्ह्याच्याच इतिहासात सापडते.

धोडपला काय घडले?

जून १७६८ मध्ये चांदवड तालुक्यातील धोडप किल्ल्याजवळ माधवराव पेशव्यांनी सख्खे चुलते राघोबादादा यांचा पराभव केला. अटकेपर्यंत मोहिमा नेलेले आणि नाशिकजवळच्या आनंदवलीत मुक्काम ठेवणारे दादा पुतण्याच्या हाताखाली राहण्यास राजी नव्हते. पराभवानंतर त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले गेले.

कारण केवळ भाऊबंदकी?

भाऊबंदकी ही ठिणगी होती. दारूगोळा राजकीय होता. पेशवेपदाचा वाद सोडवील असा पंच उरला नव्हता, कारण साताऱ्याचे छत्रपती नामधारी झाले होते. सरदारांकडे सरंजाम आणि स्वतःच्या फौजा होत्या. धोडपला गायकवाडांची कुमक आणि होळकरांचे दिवाण गंगोबातात्या दादांच्या बाजूला होते. शिवाय बाहेरचा आधार मिळत होता. १७६२ मध्ये आळेगावला दादांनी निजामाच्या मदतीनेच पुतण्याला नमवले होते.

विजयाने प्रश्न सुटला?

नाही. माधवराव १७७२ मध्ये वारले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी दादांना दोषी ठरवले, पण तो निकाल अमलात आणण्याचे बळ न्यायासनाकडे नव्हते. बारभाईंनी दादांना दूर सारताच त्यांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. १७८२ च्या साल्बाईच्या तहाने पेशवाई सवाई माधवरावांकडे राहिली; साष्टी मात्र इंग्रजांनी ठेवून घेतली.

आज त्याचे काय?

सुदानमध्येही वाद पेटला तो ‘आरएसएफ’ लष्करात कधी आणि कोणाच्या हुकमाखाली विलीन व्हायचे यावरून. तिथेही फौजा दोन होत्या आणि दोघांनी मानावा असा पंच नव्हता.

म्हणून केवळ भडक भाषणे मोजून धोका कळत नाही. हरलेला पंचाचा निकाल मानतो का आणि जिंकलेला त्या पंचाची पत राखतो का, हे पाहावे. निवडणूक आयोग, न्यायालय, सभागृहाचे अध्यक्ष हे आपले पंच आहेत. त्यांच्यावरचा विश्वास आपल्या पक्षाच्या सोयीसाठी खर्चून टाकणे प्रत्येकालाच स्वस्त वाटते. त्याची किंमत पुढची पिढी मोजते.